अक्कांचा वनवास

तुमच्या गावातल्या वसतिगृहाचा, वृद्धाश्रमाचा किंवा शाळेचा अध्यक्ष उद्या वारला, तर त्याच्या खुर्चीत कोण बसेल?

उत्तर शोधायला तुम्हाला वेळ लागला नसेल. मुलगा बसेल. मुलगा वाया गेलेला असेल तर सून, सून नको म्हणाली तर पुतण्या. निजाम गेला, जहागिरी गेल्या आणि आपण संस्था काढल्या. कुणी जमीन दिली, लोकांनी वर्गणी दिली, सरकारनं अनुदान दिलं आणि ते सगळं बापाकडून पोराकडं सातबाऱ्यासारखं उतरू लागलं. जिथं निराधार बायका राहतात त्या घरालाही वारसदार लागतो, आणि तो त्या बायकांपैकी कधीच कुणी नसतो. याची आपल्याला चीडसुद्धा येत नाही. 'त्यांनीच उभं केलं, त्यांच्याच घरात राहणार की,' असं आपण म्हणतो आणि चहा पितो.

मला एका बाईबद्दल सांगायचं आहे. सुमन बिराजदार त्यांचं नाव. आम्ही विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणत असू आणि त्या चालवायच्या त्या निराधारांच्या घरातल्या बाया अक्का. धाराशिवच्या समाजकार्य महाविद्यालयात त्या आम्हाला एम.एस.डब्ल्यू.ला सेवा संस्थांचं व्यवस्थापन शिकवायच्या. संस्था कशी चालवायची हे अभ्यासक्रमात होतं. ती कशी सोडायची हे नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या जिवावर शिकवलं.

आमचा वर्ग म्हणजे उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंबकडची पोरं-पोरी. निम्म्यांना बी.एड.ला नंबर लागला नव्हता म्हणून आलेले. घरी कोर्सचं नाव सांगितलं की चुलते विचारायचे, 'समाजसेवा शिकावी लागती व्हय? मग आमी आजवर काय केलं?' मॅडमना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "चुलत्यांना म्हणावं, सेवा शिकावी लागत नाही. ती करताना माजायचं कसं नाही, ते शिकावं लागतं."

ठेंगणा बांधा, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. वर्गात आल्या की स्वतःच्या हातानं खिडक्या उघडायच्या आणि हातातली कापडी पिशवी शिक्षकाच्या खुर्चीवर ठेवून पूर्ण तास उभ्यानं शिकवायच्या. पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा असे. एकदा शिपाई पिशवी उचलून टेबलावर ठेवायला लागला तर म्हणाल्या, "राहू दे तिला तिथं. खुर्चीवर बसण्याइतकं काम या खोलीत तिनंच केलंय."

पहिल्याच आठवड्यात नळदुर्गचा एक मुलगा उत्तर देताना 'लाभार्थी' म्हणाला. पुस्तकात तोच शब्द होता. मॅडमनी खडू खाली ठेवला.

"तुझे वडील काय करतात?"

"हायवेला ढाबा हाय, मॅडम."

"ट्रकवाला जेवायला आला तर त्याला लाभार्थी म्हणतात का?"

वर्ग हसला. "न्हाय मॅडम. गिऱ्हाईक."

"आणि कुणी बिनपैशाचा आला, भुकेला, तर?"

"त्याला बी वाढतेत."

"त्याला काय म्हणतात वडील?"

मुलगा म्हणाला, "पाव्हणं म्हणतेत. 'या पाव्हणं, बसा.'"

"झालं तर मग," मॅडम म्हणाल्या. "ढाब्यावर जे कळतं ते आपल्याला पदव्युत्तरला कळायला हवं." त्यानंतर दोन वर्षं आमच्या वर्गात लाभार्थी हा शब्द कुणी उच्चारला नाही. परीक्षेत लिहावा लागायचा, पण लिहिताना हात अडखळायचा. माझा अजून अडखळतो.

संस्था पाहायला नेलं की मॅडम कार्यालयात शेवटी जायच्या. आधी न्हाणीघरात. एका वसतिगृहात अध्यक्षसाहेब आम्हाला भिंतीवरचे सत्काराचे फोटो दाखवत होते. शाल, नारळ, मंत्री, पुन्हा शाल. तेवढ्यात मॅडम मागून हात पुसत आल्या, शांतपणे बसल्या, बशीत चहा ओतला, प्यायल्या.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या घरच्या न्हाणीला कडी आहे का हो?"

"आं? आहे की."

"आतून?"

"आतूनच असते ना मॅडम, काय थट्टा करता."

"मुलींच्या न्हाणीला बाहेरून आहे. आतून नाही."

साहेबांनी शिपायाकडं बघितलं, शिपायानं छताकडं. बजेट, मंजुरी, पुढची बैठक असं काहीतरी सुरू झालं. मॅडमनी आमच्यातल्या दोघांना बाजारात पिटाळलं. कड्या आल्या, स्क्रू आले आणि एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गानं त्या दुपारी दारांना कड्या बसवल्या. अध्यक्षसाहेब व्हरांड्यात उभे राहून 'थोडं वर घ्या, थोडं वर' असं सांगत होते. परतताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, "तो माणूस वाईट नाही. त्याला पंधरा मिनिटं त्या न्हाणीत उभं राहायची वेळ आली नाही, एवढंच. ज्याच्यावर वेळ येत नाही, तोच अध्यक्ष होतो. हा खरा रोग."

या मॅडमचं स्वतःचं एक घर होतं. उमरग्याहून लोहाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, भूकंपानंतर पुन्हा वसवलेल्या एका गावाच्या कडेला, एकट्या पडलेल्या बायांचं घर. भूकंप झाला तेव्हा मॅडम नव्या नव्या नोकरीला लागलेल्या. विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन आल्या आणि मदतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. तिथं पहिल्या सकाळी त्या भाकरी थापत असताना मागून आवाज आला, 'पोरी, पिठाला मारू नगंस. त्यानं काय केलंय तुझं? फिरव, फिरव.' ती गुंडाबाई. तिच्या घरातलं कुणीही मातीखालून जिवंत निघालं नव्हतं. शेडमध्ये ती कुणाशी बोलत नव्हती, रडतही नव्हती. ते तिचं पहिलं वाक्य. मॅडम म्हणायच्या, हे घर माझ्यामुळं नाही, माझ्या वाईट भाकरीमुळं झालं.

गुंडाबाई त्या घराची पहिली बाई. पुढं तिथं नवऱ्यानं टाकलेल्या आल्या, पोरांनी सोडलेल्या आल्या, बोलता न येणाऱ्या आल्या. सगळ्या मॅडमना अक्का म्हणत, अहो-जाहो करत. एकटी गुंडाबाई 'अगं पोरी' म्हणायची. मॅडमचे केस पांढरे झाले तरी पोरीच. लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले. या जगात त्यांना 'अगं' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आता वनवासाचं सांगते. दर उन्हाळ्यात मॅडम एक महिना घर सोडून जायच्या. उमरग्याला धाकट्या बहिणीकडं, रत्नाताईंकडं. तिथं राहून पापड लाटायच्या, पेपर तपासायच्या. महिनाभर घराकडं फिरकायचं नाही, निरोप नाही, फोन बंद. त्या काळात घर चालवायचं ते कमलबाईनं, म्हणजे तिथल्या अधीक्षिकेनं, बाकीच्या बायांनी आणि सलग क्षेत्रकार्याला, म्हणजे महिनाभर तिथंच राहून काम शिकायला आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांनी. 'मी असताना चालतं ते माझं बिऱ्हाड, मी नसताना चालतं ती संस्था,' हा त्यांचा नियम. बायांनी त्याला नाव ठेवलं होतं, 'अक्का वनवासाला निघाल्या'. निघताना फाटकापर्यंत सगळ्या यायच्या, थट्टा व्हायची.

"अक्का, सोबतीला लक्ष्मण न्हाय का?"

"लक्ष्मण मिळाला असता तर वनवासाला कशाला गेले असते गं?"

आमच्या वर्षी मी विचारलं होतं, "मॅडम, आणि आगबिग लागली तर?"

"आग लागली तर मला फोन कशाला करता? पाणी आणा."

सगळे हसले. नियम इतका सरळ होता, इतका बरोबर होता, की त्याच्यात काही राहून गेलंय असं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी विश्वस्त मंडळाची नजर घरावर होती. मॅडमची नोकरी संपत आली होती, तब्येत बरी नव्हती. मंडळाचे अध्यक्ष अप्पा, निवृत्त मुख्याध्यापक, मोठे बागायतदार. त्यांचं म्हणणं, अक्कांनंतर घर अक्कांच्या भाच्याकडं, महेशकडं द्यावं. घरचं माणूस. मॅडमना कमलबाई हवी होती. कमलबाई त्याच गावची, तरुणपणी विधवा झालेली, घरात स्वयंपाकाला आली आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. तोंडानं फटकळ. गावातली पुरुषमंडळी तिच्यापुढं बोलताना शब्द मोजायची. अप्पा म्हणाले होते, 'बघू की. या वर्षीच्या वनवासात कळंल, कमलचं घोडं कुठवर पळतंय.'

मॅडम गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यात गुंडाबाईला ताप भरला. आधी साधा वाटला. मग श्वास लागला. कमलबाईनं जीप काढली आणि आम्ही तिला उमरग्याच्या एका दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, वय फार झालंय, प्रयत्न करू.

उमरग्याला. जिथं मॅडम होत्या. दवाखान्याच्या मागच्या आळीतच रत्नाताईंचं घर.

गुंडाबाईनं डोळे उघडले की विचारायची, "पोरगी आली का?"

कमलबाई तिचा हात धरून म्हणायची, "येतीया, गुंडाई. निघालीया."

मी कमलबाईला बाहेर व्हरांड्यात ओढलं. "बाई, पाच मिनिटांचा रस्ता आहे. मी जाऊन सांगून येते."

"नगं."

"अहो, म्हातारी त्यांना विचारतेय."

कमलबाईचे डोळे भरलेले होते, पण आवाज करडा. "मला दिसत न्हाय व्हय? मला काळीज न्हाय? पर आज बोलावलं, की गावभर व्हतंय. 'बघा, म्हातारी आजारी पडली न् कमलचे हातपाय गळाले. पळत गेली अक्काकडं.' मग महेश येतोय. अक्कांनी जलमभर जे सांगितलं त्याची माती व्हती. अक्का काय म्हणाल्या? आग लागली तरी बोलवायचं न्हाय. म्हणाल्या का न्हाय?"

म्हणाल्या होत्या. माझ्यासमोर म्हणाल्या होत्या.

गुंडाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मॅडम तेव्हा मागच्या आळीत पापड वाळत घालत होत्या.

कमलबाईनं सगळं नीट केलं. घरातल्या एकूण एक बाईला मातीला नेलं. विस्तव तिनंच धरला. पुरुषांनी कुरकुर केली, तिनं नुसतं बघितलं, कुरकुर थांबली. परत आल्यावर कुणी चुलीकडं जाईना, तर तिनं चूल पेटवायला लावली. रिकाम्या खाटेसाठी एक बाई बऱ्याच दिवसांपासून थांबली होती. खाट रिकामी ठेवायची नाही हा घराचा नियम. चौथ्या दिवशी ती बाई आली, गुंडाबाईच्या खाटेवर तिची वळकटी पडली. घर चाललं. एक दिवस, एक वेळ अडलं नाही. अप्पा येऊन बघून गेले आणि मान हलवून गेले.

ज्या दिवशी महिना भरला त्या दिवशी मॅडम एस.टी.नं आल्या. फाटकाशी थट्टा झाली नाही. त्यांनी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि जी नव्हती ती कोण ते त्यांना कळलं. ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "कमल, सांग."

कमलबाईनं सांगितलं. ताप कधी आला, दवाखाना कोणता, डॉक्टर काय म्हणाले, माती कुठं दिली.

"सगळ्यांना नेलंस मातीला?"

"व्हय अक्का."

"कुणी उपाशी राहिलं?"

"न्हाय. म्या चूल पेटवायला लावली."

"चांगलं केलंस." मग, "शेवटाला काही बोलली?"

कमलबाई, जिच्या तोंडाला अख्खं गाव भ्यायचं, ती पाण्याचा तांब्या भरायला वळली. दुसऱ्याच एका म्हातारीनं सांगितलं, "पोरगी आली का, म्हणत हुती वो अक्का."

मॅडम उठल्या. आत गुंडाबाईच्या खाटेपाशी गेल्या. नवी बाई गडबडून उभी राहिली. तिला वाटलं आपलं काही चुकलं. मॅडमनी तिच्या खांद्याला धरून तिला खाली बसवलं, "बसा बाई. तुमचीच जागा आहे." आणि मग त्यांना कळेना की आता आपण कुठं जायचं. सगळं घर माणसांनी भरलेलं. त्या न्हाणीघराकडं गेल्या. आतून कडी लागली. नळ सुटला. बाहेर कमलबाई दाराला पाठ टेकून खाली बसली, आणि पुष्कळ वेळ आम्ही फक्त पाण्याचा आवाज ऐकत होतो.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी कमलबाईला एक शब्दही लावला नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू चुकली नाहीस," म्हणाल्या. "तू मी सांगितलं तेच केलंस."

पुढं आमचं दुसरं वर्ष सुरू झालं. पहिल्याच तासाला मॅडमनी खिडक्या उघडल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवताना माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली. काम करायला मला बोलावू नका, असं मी सांगत आले. ते बरोबर आहे. रडायला बोलवा, हे सांगायचं राहिलं. मला वाटलं, ते सांगावं लागत नाही." पुढच्या बाकावरच्या मुलीनं सवयीनं पेन उचललं. मॅडम म्हणाल्या, "लिहू नकोस गं. ऐक नुसतं."

त्यानंतर लवकरच मंडळाची बैठक झाली. मॅडमनी आम्हा दोघी विद्यार्थिनींना मागं बसवलं होतं, बैठक कशी चालते ते बघायला. मी आजवर खूप सभा पाहिल्यात, मोर्चे पाहिलेत, भाषणं ऐकलीत. त्या बैठकीइतकं मला कशानंच शिकवलं नाही.

अप्पा समजुतीनं बोलत होते. खरोखर समजुतीनं, माणूस कपटी नव्हता. "बाई, कमलनं चालवलं, कबूल. पर लोक ज्वारीची पोती पाठवतेत ती तुमच्या नावावर. उद्या कमलच्या नावावर कोण पाठवणार? महेश काय वंगाळ पोरगा हाय का?"

"नाही. चांगला आहे."

तेच तर. महेश वाईट असता तर सोपं होतं. तो बाहेर मोटारसायकलवर बसला होता, त्याला स्वतःलाही फारशी हौस नव्हती. पण चांगल्या माणसाला वारशानं बसवायचं, आणि मग त्याच्या पोराला, आणि मग एक दिवस न्हाणीच्या कडीची आठवणही नसलेला एक अध्यक्ष जन्माला येतो.

"अहो, तुमच्या रक्ताचा हाय तो," अप्पा म्हणाले.

"अप्पा, या घरात एक तरी बाई दुसरीच्या रक्ताची आहे का?"

"तसं न्हवं..."

"राहायला रक्त लागत नाही, खायला लागत नाही, मरायला लागत नाही. चालवायलाच तेवढं रक्त पाहिजे होय?"

मग अप्पांनी तोड काढली. मॅडमनी पद सोडावं, कमलबाईनं एक वर्ष एकटीनं घर चालवावं. पण खऱ्या अर्थानं एकटीनं. वर्षभर मॅडमनी पाय ठेवायचा नाही, कमलबाईनं त्यांच्याकडं जायचं नाही, मागून सल्ला नाही. घरात कुणी वारलं तर मातीला तेवढं यायचं, ही एकच सूट मॅडमनी मागून घेतली. एरवी मॅडम दिसल्या, तर कमल कच्ची आहे असं धरून घर महेशकडं. आणि वर्ष तडीस गेलं, तर अप्पा स्वतः कमलबाईचं नाव मांडतील.

मॅडम 'बरं' म्हणाल्या. त्यांच्या हृदयाचं दुखणं कुठवर गेलंय, डॉक्टर काय म्हणालेत, हे त्यांना त्या वेळी ठाऊक होतं. आम्हाला नंतर रत्नाताईंकडून कळलं. मंडळाला त्यांनी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अप्पांनी अट घातली नसती, आणि अट घातली नसती तर कमलबाई कायमची 'अक्कांच्या दयेनं बसलेली' राहिली असती.

नोकरी संपली आणि मॅडम उमरग्याला बहिणीकडं राहायला गेल्या. सुरुवातीला माणसं यायची. विद्यार्थी यायचे, दाखल्यावर सही हवी, ओळखीचं पत्र हवं. मग लोकांच्या ध्यानात आलं की यांच्या सहीला आता किंमत नाही. मी गेले तेव्हा पाहुण्यांसाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या होत्या. रत्नाताई चहा टाकता टाकता म्हणाल्या, "कुणी येत न्हाय आता. यायचं कशाला, अक्काकडं द्यायला काय ऱ्हायलंय?"

"रत्ना," मॅडम आतून म्हणाल्या, "चहात आलं घाल. तिला तुझी गाऱ्हाणी नकोत."

घराबद्दल त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. मी सांगायला लागले तर हात वर केला. मी त्या घराकडं जाऊन येणारी. माझ्या तोंडून ऐकणं म्हणजे अटीला बगल देणं, असं त्यांचं मत. मला राग आला. मी म्हणाले, "मॅडम, एवढं कडक कोण पाळतं? तिकडं लोक आख्खी संस्था गिळतात."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

आणि कमलबाई? ती गेली नाही. एकदाही नाही. गावात डोळे फार. तिला फक्त त्या एकाच कारणासाठी अक्कांना बोलवायची मुभा होती. पण त्या वर्षी घरात कुणी वारलं नाही. बाया ठणठणीत राहिल्या, एक आजारी पडली ती बरी झाली. इतकं चांगलं चाललं होतं, की बोलवायला कारणच नव्हतं.

वर्ष पुरं व्हायच्या आधीच मॅडम गेल्या. घरातल्या सगळ्या बाया टेम्पोत बसून उमरग्याला आल्या आणि कमलबाई त्या दारात जी रडली ते मला लिहिता येणार नाही. वर्ष भरल्यावर अप्पांनी शब्द पाळला. भर बैठकीत उभं राहून कमलबाईचं नाव त्यांनीच मांडलं, आणि मांडताना त्यांचा आवाज फुटला. आज घर तीच चालवते. महेश दिवाळीला फराळाचे डबे पोचवतो आणि हसून म्हणतो, बरं झालं, सुटलो.

पण मॅडम मला शेवटच्या दिसल्या ते त्यांच्या जाण्याच्या महिनाभर आधी, उमरग्याच्या स्टँडवर. लोहाऱ्याच्या गाडीत मी चढले तर त्या डाव्या बाजूच्या खिडकीशी बसलेल्या. फार वाळल्या होत्या. मी शेजारी बसले.

"कुणीकडं मॅडम?"

"लोहाऱ्याला. थोडं काम आहे. बायांना अर्धं तिकीट केलंय ना सरकारनं, हिंडून घेते."

कंडक्टर तिकीट द्यायला आला. "अक्का, आज लवकर?" एवढंच बोलला आणि पुढं गेला.

घराच्या फाट्यावर गाडी थांबली. कुणाचं तरी पोतं वरून उतरवायचं होतं, वेळ लागला. आमच्या डाव्या खिडकीतून घराचं अंगण दिसत होतं. बाया चिंचा फोडत बसल्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम हसल्या. कमलबाई हातात सूप घेऊन बाहेर आली आणि करवादली, "दात काढायला चिंचा दिल्यात का तुमाला?" त्यावर त्या आणखीच हसल्या. मी अर्धी उठले, हाक मारणार होते. मॅडमनी माझं मनगट धरलं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, चेहरा आत घेतला, पण डोळे काढले नाहीत. गाडी हलली. घर मागं पडलं तरी मनगट सुटलं नव्हतं.

"कमल बारीक झालीय का गं?" हळूच म्हणाल्या. मग लगेच, "नको. सांगू नकोस."

लोहाऱ्याला उतरलो. मी माझ्या कामाला निघाले. थोडं पुढं जाऊन वळून बघितलं. मॅडम कुठंही गेल्या नव्हत्या. स्टँडवरच्या बाकावर बसून चहा घेतला आणि परतीची उमरगा गाडी लागली तशा उठल्या. चढताना दांडा धरून थांबल्या, श्वास घेतला, मग आत गेल्या. काचेतून मला दिसलं. डावीकडच्या जागा रिकाम्या होत्या. त्या उजवीकडं गेल्या, खिडकीशी बसल्या आणि काच पुसू लागल्या.

वाचकहो, वारसाहक्काविरुद्ध लिहायचं ते मी लिहीत राहीन, भांडत राहीन. तुमच्याकडं आज मागणं वेगळं आहे. तुमच्या गावात असं एखादं माणूस असेल, ज्यानं वेळेवर, आपणहून, परक्याच्या हाती देऊन खुर्ची सोडली. मुख्याध्यापक असेल, डेअरीचा चेअरमन असेल, अंगणवाडीची बाई असेल. त्यांच्याकडं आता कुणाचं काम नाही, म्हणून कुणी जात नाही. येत्या रविवारी त्यांच्या घरी जा. सल्ला मागू नका, सही मागू नका. त्यांनी जे सोडलं तिथं आधी एक चक्कर मारा. आज तिथं काय शिजलं, कोण कशावरून हसलं, कोण आजारी होतं आणि बरं झालं, ते डोळ्यांनी बघा. आणि मग त्यांच्याजवळ बसून, त्यांनी न विचारता, ते सगळं त्यांना सांगा.